दोन मण झेंडू

ज्याच्या मुलुखात आपलं पोर गेलं ते परत आलं नाही, त्याच्याच गळ्यात घालायला आपल्याच मळ्यातला झेंडू मागायला माणूस दारात येतो. येतो तोही कडक इस्त्रीच्या धोतरात, पानाचा तोबरा भरून, हसत हसत. अशा वेळी काय करावं हे कोणत्या पोथीत लिहिलेलं असेल तर असो. सत्यभामाबाईंना पोथी वाचता येत नव्हती.

मराठी माणसाचं नवं राज्य होऊन चार वर्षं झाली होती. नांदुऱ्याच्या नदीकाठी माळ्यांची चाळीसेक घरं होती, सगळी एकाच भावकीतली. वर्षभर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि थंडीत झेंडू नि शेवंती. गावातला देव असो, नवरदेव असो की मंत्री, त्याच्या गळ्यात पडणारा हार या चाळीस घरांतूनच जायचा. मार्गशीर्षात तर नदीकाठ असा पिवळा व्हायचा की रेल्वेतली माणसं खिडकीतून माना काढून बघत.

सत्यभामाबाई आणि शालिग्राम यांचा थोरला मुलगा कारभारी एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला होता. पुढं त्याची पलटण निळ्या टोप्या घालून, शांतिसेना म्हणून, समुद्रापलीकडे कुठं तरी रवाना झाली. त्या देशाचं नाव माळीपुऱ्यात कोणाच्या जिभेवर बसलं नाही. तिथले लोक आपसात भांडत होते आणि आपल्या पोरांनी मधे उभं राहायचं होतं. सात महिन्यांनी कागद आला. मास्तरांनी वाचून दाखवला. जवान बेपत्ता आहे, मृत्यू पावला असावा असे समजण्यात येते.

"समजन्यात येते मंजे कोन समजते?" सत्यभामाबाईंनी विचारलं होतं. मास्तरांनी कागदाची घडी घातली. "मंग समजनाऱ्यानं समजावं. मी नाई समजत."

असं कोणी हरवलं, मढं काही हाती लागलं नाही, तर माळीपुऱ्यात एक रीत होती. पळसाच्या पानांचा पुतळा बांधायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि तो नदीवर नेऊन जाळायचा. मग त्या दिवसापासून सुतक, दहावा, तेरावा, सगळं रीतसर. भावकीतले वडीलधारे उकंडराव दोन वर्षांत तीनदा सांगून गेले. शालिग्राम तर मनातून केव्हाच तयार होता. पण बाई ऐकेल तर ना! "जित्या पोराले जाळता का?" एवढं म्हणून ती उठून जायची. त्यामुळे त्या घरात कोणी मेलंही नव्हतं आणि सगळे जिवंतही नव्हते.

आणि आता तो जनरल येत होता. ज्याच्या फौजेनं निळ्या टोप्यांवर गोळ्या झाडल्या, तोच आता त्या देशाचा अध्यक्ष झाला होता. गेल्या सालापर्यंत आपले पेपर त्याला कसाई म्हणत. या साली तो मित्रराष्ट्राचा सन्माननीय अध्यक्ष झाला. पेपरवाल्यांची शाई तीच, दौत तीच! त्याची खास गाडी मुंबईहून नागपूरला जाणार होती आणि नांदुऱ्याला इंजिनात पाणी भरायला अकरा मिनिटं थांबणार होती. इंजिनाला पाणी आणि कसायाला हार, असा तो सोहळा.

सुरुवातीला गाव पेटलं होतं. बाजारात सभा झाली. कापसाच्या जिनिंगचे कामगार आले, शाळेचे मास्तर आले, दुकानदारांनी गाव बंद ठेवायचं कबूल केलं. सभेचे अध्यक्ष अर्जुनराव. दोनशे एकरांचे धनी, गावात त्यांच्या शब्दावर पान हलायचं. त्यांनी सत्यभामाबाईंना स्वतः हात धरून मंचावर खुर्चीत बसवलं. "या मायच्या डोयातलं पानी पाहा!" असं ते भोंग्यातून ओरडले, तेव्हा माय कोरड्या डोळ्यांनी समोर बघत होती. पोरगा जिवंत असताना रडून अपशकुन कशाला करायचा? प्लॅटफॉर्मवर काळे झेंडे दाखवायचं ठरलं. 'परत जा' अशा पाट्या रंगल्या.

मग जमावबंदीचा हुकूम निघाला. जिनिंगच्या चार कामगारांना उचललं. मास्तरांच्या हाती बदलीचा कागद पडला. आणि अर्जुनरावांना काय मिळालं? प्लॅटफॉर्मवर पहिल्या रांगेत उभं राहायचा गुलाबी पास. पाट्या त्यांच्याच गोठ्यात होत्या, त्या बैलांच्या गव्हाणीला आडव्या लागल्या.

सोमवारी ते तहसीलदारांना घेऊन माळीपुऱ्यात आले. तहसीलदार पुण्याकडचा, तरणा, बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधावरून जपून चालणारा. अर्जुनराव ओसरीवर बसले, पायरीच्या कडेला पचकन थुंकले आणि म्हणाले, "वयनी, दोन मन झेंडू लागंन. अन् पाच सवाशिनी, ओवाळाले."

"कोनाले?"

"पाव्हण्याले. गुरवारी गाडी हाये ना."

"मागच्या आयतवारी तुमीच तं म्हणे का, त्याचं तोंड पाहनं पाप हाये."

"ते सभेतलं झालं, वयनी. राजकारन येगळं, पाव्हणचार येगळा. दारी आला त्याले हार घालाच लागते. आपली संस्कृती हाये ते."

शालिग्राम खांबाला टेकून उभा होता. तहसीलदारांनी खिशातून कागद काढला. "आणि बाई, हार तुम्ही घालावा अशी जिल्ह्याची इच्छा आहे. वीरमाता क्षमा करते आहे, असा फोटो पेपरात येईल. फार चांगलं दिसेल ते."

चांगलं दिसेल! त्या आत जायला वळल्या. तेव्हा अर्जुनराव उठून जवळ आले आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"वयनी, कागदात काय लिवेल हाये? बेपत्ता. मेला असं कोनी पाह्यलं का? त्याच्या कैदखान्यात आपले काई पोरं हायेत म्हनते लोकं. तुमी हार घातला, तो खूश झाला, तं कोन जाने, सोडून भी देईन."

सत्यभामाबाईंनी तहसीलदारांकडे पाहिलं. तहसीलदार घराची वळचण न्याहाळत होते. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सरकारी माणसाला हे बरोबर जमतं.

त्या दिवशी सत्यभामाबाईंनी काय केलं हे सांगायला नको वाटतं, पण सांगितलंच पाहिजे. त्या वाफ्यांतून फिरल्या आणि कोणत्या वाफ्यातला झेंडू टपोरा आहे ते पाहून आल्या. दोन काय, त्या माउलीनं मनातल्या मनात चार मण फुलं तोडून त्या राक्षसाच्या गळ्यात घातली. पोरगा परत मिळत असेल तर आई कुणाचेही पाय धरेल. पण हात धुताना त्यांना स्वतःच्याच हातांची किळस आली, आणि ती काही केल्या जाईना. एकच गोष्ट डोक्यात घुमत राहिली. मेला असं कोणी पाहिलं का?

एक माणूस होता. धामणगाव बढ्याचा रामराव, कारभारीच्याच पलटणीतला. पायाला गोळी लागून घरी आला होता. दोन वर्षांपूर्वी तो लंगडत माळीपुऱ्यात आला होता, आणि तो तोंड उघडायच्या आत सत्यभामाबाईंनी त्याला चहा पाजून, वांग्यांची पिशवी देऊन वाटेला लावलं होतं. त्याच्या तोंडून काय येणार हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, म्हणूनच.

मंगळवारी सकाळी त्यांनी मोताळ्याकडची येष्टी धरली.

धामणगावात रामरावाची पिठाची गिरणी होती. पट्टा फटफट करत होता आणि तो भुवयांपर्यंत पांढरा झाला होता. बाईंना बघून त्यानं गिरणी बंद केली. रांगेतल्या बायकांना म्हणाला, "घंट्याभरानं या." त्या डबे ठेवून गेल्या.

"मावशी, काऊन आल्या इतक्या दूर?"

"तुले जे सांगाचं होतं, ते सांग आता."

रामराव पोत्यावर बसला. त्यानं हातावरचं पीठ झटकलं.

"एक पूल होता. पलीकडून त्यायनं पांढरं निशान दाखवलं, म्हने बोलाचं हाये. आपले नऊ जन गेले. बिगर बंदुकीचे. आपल्याले हुकूमच तसा होता. कारभारी सातवा होता." त्यानं लंगड्या पायावरून हात फिरवला. "मी पुलाच्या अलीकडं होतो. नवाच्या नऊ जनाले त्यायनं उभं केलं अन् गोया घातल्या. मंग पान्यात फेकलं. तोंड नाई दिसलं, मावशी. पन कारभारीचं चालनं मी हजारात वयखीन."

"अन् कैदखाना?"

"कोनता कैदखाना?"

"अर्जुनराव म्हने, काई पोरं कैदेत हायेत."

रामराव पोत्यावरून उठला. "अर्जुनराव म्हने? त्याले मालूम हाये सारं! सभेच्या पहिले त्यानंच मले बलावलं. जे तुमाले सांगतलं तेच त्याले सांगतलं, त्यानं लिहून घेतलं. मी म्हनलं, मायच्या समोर बोलू नोका. त्या फौजेनं कोनाले धरलंच नाई, मावशी. धरत असते तं मारलं काऊन असतं?"

सत्यभामाबाई रडल्या नाहीत. उठल्या, पदर नीट केला. रामरावानं पाणी दिलं, ते प्यायल्या. तो येष्टीपर्यंत लंगडत सोबत आला. गाडी मोताळ्याच्या पुढं आली आणि त्यांना भडभडून उलटी झाली. खिडकीतून मान बाहेर काढून त्या ओकत राहिल्या. शेजारची बाई पाठीवर हात फिरवत म्हणाली, "गाडी लागली वो तुमाले." गाडी नव्हती लागली. पानाचा वास येत होता. अर्जुनराव जवळ येऊन कानाशी बोलले होते ना, तो वास. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. तिचं पोर पाण्यात पडलेलं त्याच्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि त्यानं त्याच पोराचं आमिष लावून तिच्याकडे झेंडू मागितला होता. जनरलनं निदान गोळी घातली. यानं काय केलं त्याला नावच नव्हतं.

घरी आल्या तेव्हा शालिग्राम मळ्यात होता. अर्जुनरावांचा गडी सकाळीच येऊन सांगून गेला होता की वयनीनं कबूल केलं आहे, तोडायला लागा. टोपली निम्मी भरली होती.

"तोडू नका," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पयसाचे पानं आना."

शालिग्रामच्या हातातलं फूल तसंच राहिलं. दोन वर्षं त्याला हेच ऐकायचं होतं. तो बांधावर बसला. "रामराव भेटला का?" त्यानं विचारलं. बाईंनी मान हलवली.

उकंडरावांना निरोप गेला. म्हातारा काठी टेकत आला, सगळं ऐकलं, आणि रीतीचा माणूस म्हणून आधी रीत बोलला. "उद्या सकाळी पुतळा जाळला का त्या घडीपासून दहा दिवस सुतक. साऱ्या भावकीले. चाळीसच्या चाळीस घरं. फूल तोडाचं नाई, देवाले नाई अन् मानसाले नाई. बायकायनं कोनाले ओवाळाचं नाई." एवढं बोलून त्यानं सत्यभामाबाईंकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. "गुरवारी गाडी हाये," तो हळूच म्हणाला.

"हाये तं हाये."

बातमी गावात गेली आणि दिवेलागणीच्या आत अर्जुनराव धावत आले. या खेपेला तोंडात पान नव्हतं. "वयनी, अवो दोन दिवस थांबा! शुकरवारी जाळा. मी सोता तूप देतो, डबाभर. चंदन देतो."

"तुमाले मालूम होतं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"काय?"

"पुलावरचं."

अर्जुनरावांनी इकडेतिकडे पाहिलं. खरं तर त्या माणसाला तिथंच जमिनीत गडप व्हायला हवं होतं. पण असली माणसं गडप होत नसतात. ते म्हणाले, "तुमचं मन दुखू नये म्हनून नाई सांगतलं. मंग थांबता ना दोन दिवस?"

"दोन वर्सं थांबली मी," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

बुधवारी सकाळी पळसाची पानं आली. जोशीबुवांनी सांगितलं तसा पुतळा बांधला. पण हात, पाय, छाती, एकेक पान सत्यभामाबाईंनीच रचलं. शालिग्राम म्हणाला, लय लांब होऊन राह्यला. त्या म्हणाल्या, तो लांबच होता. वर पांढरं कापड घातलं, तिरडी उचलली. बायकांनी नदीवर जायची रीत नाही. सत्यभामाबाई बांधावर उभ्या राहिल्या. नदीच्या वळणावर धूर दिसला तेव्हा त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो चाळीस घरांनी ऐकला. जाऊ झुंबरबाईंनी त्यांना धरलं नसतं तर त्या वाफ्यात पडल्या असत्या. कागद आला त्या दिवसापासूनचं सगळं रडणं त्या एका सकाळी बाहेर आलं. इतके दिवस जिला सगळे हट्टी म्हणत होते, तिनं आपल्या हातानं आपला हट्ट जाळला.

दुपारी तहसीलदार जमादाराला घेऊन आले. मळे फुलांनी नुसते लदबदले होते, आणि तोडायला एक हात पुढं येत नव्हता. काळे झेंडे जप्त करता येतात, भोंगा उचलून नेता येतो. सुतक कसं उचलणार? ते कोणत्या कलमात बसतं? तहसीलदारांनी जमादाराला म्हटलं, मग तुम्हीच तोडा. जमादार जन्माचा वऱ्हाडी. त्यानं कानाला हात लावला. "सायब, सुतकातलं फूल? नोकरी घ्या माही, पन हे सांगू नोका."

जीप खामगावला पळाली. तिथल्या माळ्यानं विचारलं, नांदुऱ्याचे माळी काऊन नाई देत? ड्रायव्हर बोलघेवडा, त्यानं सगळं सांगून टाकलं. तो माळी म्हणाला, मंग आमच्याकडं भी नाईत. फुलांचा ढीग त्याच्या पाठीमागं दिसत होता. शेवटी शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कागदी हार पेटीतून निघाले, त्यांवरची धूळ झटकली गेली. ओवाळायला साहेबलोकांच्या बायका उभ्या केल्या, आणि पाचवी मिळेना म्हणून अर्जुनरावांनी स्वतःच्या बायकोला.

गुरुवारी माळीपुऱ्यातून कोणी स्टेशनवर गेलं नाही. गेलेल्यांनी सांगितलं ते असं. झेंडे न्यायची ज्यांची छाती झाली नव्हती ती पाच-सातशे माणसं, स्वागताच्या गर्दीला जमावबंदी नसल्यामुळे, तारेच्या कुंपणाबाहेर येऊन गुपचूप उभी होती. गाडी आली, जनरल दारात आला, पांढऱ्या हातमोज्यांचा हात हलवला. तेव्हा जिनिंगचा एक म्हातारा कामगार वळला आणि पाठ करून उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा वळला, मग सगळे. पाठ करायला बंदी नव्हती. पोलीस लाठ्या घेऊन नुसते बघत राहिले. जनरलला त्याचं काही वाटलं नाही म्हणतात. गळ्यातला कागदी हार चुरगळून त्यानं मागच्या माणसाच्या हातात दिला आणि तोंडावर हात न धरता जांभई दिली. इंजिनाचं पाणी भरून झालं आणि गाडी गेली.

तिसऱ्या दिवशी नागपूरच्या पेपरात आलं, 'नांदुऱ्यात बिनफुलांचं स्वागत'. माळ्यांचा बाणेदारपणा, वीरमातेचा निर्धार, वगैरे. मुंबईत कुणी तरी भाषणात उल्लेख केला. वारं फिरलं. आणि वारं फिरलं की अर्जुनराव फिरणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

सुतकाच्या सहाव्या दिवशी ते आले. अंगात खादी, दंडाला काळी फीत, सोबत पेपरवाला. सत्यभामाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. शालिग्रामनं मुंडण केलेलं डोकं वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातलं. बसा कोणी म्हटलं नाही. अर्जुनराव आपणच बसले, मांडी घालून, ऐसपैस.

"वयनी, मानलं तुमाले!" ते पेपरवाल्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "आमी झेंडे घेऊन बसलो अन् तुमी अशी शक्कल लढवली का सरकार चित! सुतक! कोनाच्या बापाच्या डोस्क्यात आलं असतं का हे? पुढच्या महिन्यात अकोल्याले सभा हाये. तुमाले याच लागंन."

सत्यभामाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सहा दिवसांत त्यांचा आवाज बसला होता.

"शक्कल नोती ते," त्या म्हणाल्या. "माहा पोरगा होता. मेला."

पेपरवाल्याची पेन्सिल थांबली. अर्जुनरावांनी क्षणभर डोळे मिटले, मान डोलावली, मांडीवर थाप मारली.

"वा! हेच वाक्य सभेत बोलजा. अस्संच. मान्सं ढसाढसा रडतीन."

सत्यभामाबाई उठल्या आणि मागल्या दारी गेल्या. पेपरवाल्याला काय वाटलं कोण जाणे, तो वही मिटून अंगणात उतरला. अर्जुनरावही मग उठले, धोतर झटकत, चपला शोधू लागले. तोवर बाई शेणाची पाटी आणि पाणी घेऊन आल्या होत्या. त्या खाली बसल्या, आणि अर्जुनराव बसले होते ती जागा भिंतीपासून पायरीपर्यंत सारवू लागल्या. पंजा दाबून, एक बोटभर कोरी न ठेवता.

अर्जुनरावांचा एक पाय चपलेत होता. त्यांनी वळून पाहिलं. खेड्यातच वाढलेला माणूस. घरातून मढं उचललं की जागा कशी सारवतात हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.